उतरलेले वजन, उरलेली कातडी

मराठीत वजनही उतरते आणि चेहराही उतरतो, आणि ठरवून बरेच वजन घटवलेल्या माणसाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकदमच येतात. पोट, मांड्या आणि दंड यांच्या मापात पडलेला फरक कपड्यांतून चटकन कळतो व सुखावतो. गळ्याच्या बाबतीत मात्र उलटा अनुभव येतो, कारण हनुवटीखालची चरबी ओसरली की तिच्यावर ताणून बसलेली कातडी मोकळी होते, जबड्याच्या कडेपासून घाटीपर्यंत सैल लोंबू लागते, आणि रक्तदाब व साखर आटोक्यात येऊन तब्येत खरोखरच सुधारलेली असतानाही भेटणारा प्रत्येकजण आजारपणाची चौकशी करतो. पोटावरची सैल कातडी सदऱ्याखाली वा साडीखाली झाकता येते. गळा झाकता येत नाही, त्यामुळे शरीरातल्या एकूण सैल कातडीचा अगदी छोटा हिस्सा असलेली ही जागा मनाला मात्र सर्वांत जास्त टोचते.

हा प्रश्न आता मोजक्या लोकांपुरता राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष यांचा देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ किंवा त्याहून अधिक होता. वजन घटवण्याची साधनेही बदलली आहेत. जठराचा आकार कमी करणाऱ्या बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत, आणि २०२५ च्या मार्च महिन्यात टिर्झेपटाइड व जून महिन्यात वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचायची औषधे भारतीय बाजारात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले होते. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे सुमारे १३ किलो. इतकी घट सव्वा वर्षात झाली की आतला भराव निघून जातो आणि वरचे आवरण जुन्याच मापाचे उरते.

या उरलेल्या आवरणाचे काय करावे, याची उत्तरे बाजारात पुष्कळ आहेत: मलमे, मालिश, मानेचे व्यायाम, गरम लाटांची यंत्रे, सुया, धागे आणि शस्त्रक्रिया. यांपैकी कोणते उत्तर कोणाला लागू पडेल, हे ठरवण्याआधी गळ्याची सैलता ही एकच गोष्ट नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. गळ्याच्या पुढच्या भागात कातडी, चरबी आणि स्नायू असे तीन थर असतात, तिघांचे स्वभाव वेगळे असतात, आणि एका थरावरचा उपाय दुसऱ्या थराच्या दोषावर वापरला की पैसा व उमेद दोन्ही वाया जातात.

गळ्याचे तीन थर

सर्वांत वर कातडी असते. गळ्याच्या पुढच्या भागावरची कातडी गालावरच्या कातडीपेक्षा पातळ असून तिच्यात तैलग्रंथी कमी असतात, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते आणि इजा भरून काढण्याची तिची ताकदही कमी असते. तिच्याखाली चरबीचा थर असतो, आणि दुहेरी हनुवटी म्हणून ज्याला ओळखतात तो फुगवटा मुख्यतः याच थराचा असतो. त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा अतिशय पातळ, चादरीसारखा पसरलेला स्नायू असतो. शरीरातले बहुतेक स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात. प्लॅटिस्मा मात्र छातीच्या वरच्या भागावरील आवरणातून निघून हासळीच्या हाडावरून वर चढतो आणि जबड्याच्या कडेला व चेहऱ्याच्या खालच्या भागातील कातडीला जाऊन मिळतो. त्याचे डावे व उजवे असे दोन भाग असून वयाबरोबर त्यांच्या मधल्या कडा विलग व ढिल्या होतात, आणि मग हनुवटीखालून खाली जाणाऱ्या दोन उभ्या दोऱ्या कातडीतून उठून दिसू लागतात. या स्नायूच्याही खाली जबड्याच्या दोन्ही बाजूंना लाळग्रंथी असतात. चरबीने भरलेल्या गळ्यात त्या लपून राहतात आणि वजन उतरल्यावर लहान गोळ्यांसारख्या जाणवू लागतात, तेव्हा काहींना ही नवीनच गाठ वाटते.

वजन घटताना या तीन थरांपैकी चरबीचा थर आक्रसतो. स्नायू आणि कातडी यांना मात्र तेच माप नव्याने बेतावे लागते, आणि खरी अडचण तेथे सुरू होते.

शल्यविशारद सुडौल गळ्याचे मोजमाप कसे करतात, हे येथे पाहण्यासारखे आहे. १९८० मध्ये एलनबोगेन व कार्लिन या दोन अमेरिकी शल्यविशारदांनी पाच खुणा सांगितल्या: जबड्याची खालची कड स्पष्ट दिसणे, घाटीच्या वर हलकीशी खोलगट जागा असणे, घाटीचा उंचवटा दिसणे, कानामागून हासळीच्या हाडाकडे जाणाऱ्या मानेच्या मोठ्या स्नायूची पुढची कड कळणे, आणि हनुवटीखालची आडवी रेषा व गळ्याची उभी रेषा यांच्यातला कोन १०५ ते १२० अंशांचा असणे. वजन वाढले की चरबीमुळे हा कोन भरून निघतो. वजन उतरल्यावर कातडी पडद्यासारखी तिरकी ताणली जाऊन तो पुन्हा बुजतो. बाजूने काढलेल्या छायाचित्रात दोन्ही वेळचा कोन सारखाच दिसू शकतो, कारणे मात्र अगदी वेगळी असतात.

कातडी परत का आखडत नाही

कातडीच्या आतल्या जाड थराला अंतस्त्वचा म्हणतात, आणि तिची घडण दोन प्रकारच्या तंतूंवर अवलंबून असते. कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू दोरखंडासारखे असून ते कातडीला मजबुती देतात. इलास्टिन या प्रथिनाचे तंतू संख्येने फार थोडे असले तरी ताणलेली कातडी पूर्ववत करण्याचे काम तेच करतात. लेंग्याच्या कमरेतले कापड आणि त्यात ओवलेले इलास्टिक यांचे जे नाते, साधारण तेच या दोन तंतूंचे. शरीर कोलॅजेन आयुष्यभर नव्याने बनवत राहते, जरी वयाबरोबर त्याचा वेग मंदावतो. उलट इलास्टिनची बहुतेक निर्मिती जन्मापूर्वी आणि बालपणात उरकलेली असते, आणि प्रौढपणी तुटलेल्या इलास्टिन तंतूंच्या जागी तितकेच चांगले तंतू पुन्हा तयार होत नाहीत. वर्षानुवर्षे ताणून राहिलेल्या कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता इलास्टिनचे तंतू विरळ व तुटके आणि कोलॅजेनची वीण बारीक झालेली आढळते. ढिले झालेले इलास्टिक धुऊन वाळवून घट्ट होत नाही, तसेच हेही आहे.

म्हणूनच गळा किती सैल पडेल, हे किती किलो उतरले एवढ्यावरच ठरत नाही. पंचविशीतल्या माणसाची कातडी २० किलो उतरल्यावरही बरीचशी आखडते. पन्नाशीतल्या माणसाची १० किलोंनंतरही लोंबू शकते. लठ्ठपणा किती वर्षे टिकून होता, वजन किती वेळा वाढून उतरले, कातडीला ऊन किती लागले, आणि तंबाखू किंवा धूम्रपान होते का, यांचाही हिशेब असतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत कातडीतील कोलॅजेन झपाट्याने घटते, त्यामुळे नेमक्या त्याच काळात वजन उतरवले तर गळ्यावर त्याचा परिणाम अधिक दिसतो. याशिवाय अनुवंशिक भाग असतोच, आणि आईच्या किंवा वडिलांच्या गळ्याकडे नीट पाहिले तर पुढचा बराचसा अंदाज येतो.

उन्हाचा मुद्दा, ज्या शहराला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे त्या वडोदऱ्यासाठी, म्हणजे मराठी माणसाच्या बडोद्यासाठी, विशेष लागू आहे. उन्हाळ्यात येथील तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि शहराचा बराच व्यवहार दुचाकीवरून चालतो. स्कूटर चालवणाऱ्या येथील मुली व स्त्रिया तोंडाला आणि गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळून घेतात. ती सवय धुळीसाठी आणि रंग काळवंडू नये म्हणून पडली असली, तरी उन्हातल्या अतिनील किरणांपासून गळ्याच्या इलास्टिनचे रक्षण तिच्यामुळे आपोआप होते. पुरुष मात्र हेल्मेटखाली गळा उघडाच ठेवतात, आणि चेहऱ्याला सनस्क्रीन लावणारेही हनुवटीशी थांबतात.

अकोट्याच्या मूर्ती आणि गळ्यावरच्या रेषा

वजन घटवण्यासाठी चालणारे अनेक बडोदेकर सकाळी सयाजीबागेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या कमाटीबागेत, फेऱ्या मारतात. १८७९ मध्ये खुल्या झालेल्या या बागेतच महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी उभारलेले बडोदा संग्रहालय व चित्रवीथी आहे, आणि विश्वामित्री नदीपलीकडच्या अकोटा गावठाणात १९५१ मध्ये सापडलेल्या जैन धातुमूर्तींपैकी काही मूर्ती तेथे आहेत. उमाकांत प्रेमानंद शाह यांच्या अभ्यासामुळे या मूर्ती जगभर माहीत झाल्या. गळ्याच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध असा, की गुप्तकाळापासूनच्या भारतीय मूर्तिकलेत देवाच्या किंवा तीर्थंकराच्या गळ्यावर शंखावरच्या वळशांप्रमाणे तीन आडव्या रेषा कोरण्याचा प्रघात आहे, आणि अकोट्याच्या तीर्थंकरमूर्तींमध्येही ही घडण पाहता येते. शंखासारख्या या गळ्याला कंबुग्रीवा म्हणतात, आणि तो थोर पुरुषाचे लक्षण मानला जातो. वाल्मीकींनी रामायणाच्या पहिल्याच सर्गात रामाला दिलेल्या विशेषणांत कंबुग्रीव आणि महाहनु, म्हणजे भक्कम जबड्याचा, ही दोन विशेषणे शेजारी शेजारी आली आहेत.

ही जोडी अर्थपूर्ण आहे. गळ्यावरच्या आडव्या रेषा मान सतत वाकवल्यामुळे पडतात, तारुण्यातही असतात आणि त्यांचा सैलपणाशी फारसा संबंध नसतो. मूर्तिकाराने त्या पुसल्या नाहीत, उलट मुद्दाम कोरल्या. ज्या गोष्टीशी त्याने तडजोड केली नाही ती म्हणजे जबड्याची कड. एलनबोगेन व कार्लिन यांच्या यादीतही पहिली खूण जबड्याच्या कडेचीच आहे, आणि आडव्या रेषांचा त्या यादीत उल्लेखही नाही. गळ्याची शस्त्रक्रिया करूनही या रेषा पुरत्या जात नाहीत, त्यामुळे त्या घालवण्याच्या अपेक्षेने डॉक्टरांकडे जाणारा माणूस निराश होऊनच परततो. सैल गळ्याचा प्रश्न रेषांचा नसून कड हरवल्याचा असतो.

सैल कातडीला भारतीय शास्त्रपरंपरेत नाव नाही असेही नाही. बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला संस्कृतात सास्ना किंवा गलकंबल म्हणतात, आणि न्यायशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गायीचे लक्षण सांगताना सास्ना असणे हेच उदाहरण दिले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांची वर्णने लागोपाठ येतात; त्यांत मानेचा उल्लेख येतो तो कृश माणसाच्या वर्णनात, वाळलेली मान आणि वर उठून दिसणारे शिरांचे जाळे अशा रूपात. भरलेल्या देहाचे ओसरणे मानेवर लवकर वाचता येते, हे निरीक्षण फार जुने आहे.

आरशासमोरची तपासणी

कोणता थर सैल आहे, याचा प्राथमिक अंदाज घरी घेता येतो. खिडकीसमोर उजेडात बसून, मान सरळ व नजर समोर ठेवून, हनुवटीखालची घडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. घडी जाडसर व गुबगुबीत लागली तर चरबी अजून शिल्लक आहे. पातळ कागदासारखी लागली, आणि सोडल्यावर सावकाश जागेवर गेली, तर दोष मुख्यतः कातडीचा आहे. त्यानंतर खालचे दात दिसतील अशा रीतीने खालचा ओठ दोन्ही बाजूंना खाली ताणावा. या क्रियेत प्लॅटिस्मा आवळला जातो, आणि विश्रांतीतही दिसणाऱ्या उभ्या दोऱ्या जर याच रेषांवर असतील तर स्नायूच्या कडा सुटलेल्या आहेत. शेवटी कानाखालची कातडी दोन बोटांनी हलकेच मागे व वर सरकवून पाहावी. गळा तेवढ्याने नीट दिसू लागला तर कातडी जास्त झाली आहे. मधला फुगवटा किंवा दोऱ्या तशाच राहिल्या तर केवळ कातडी ओढून काम भागणार नाही.

या तपासणीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मानेच्या मागच्या व बाजूच्या भागावर मखमलीसारखी जाडसर काळी कातडी असेल तर तो मळ किंवा उन्हाचा डाग नसून बहुधा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. वजन व साखर ताब्यात आल्यावर ती हळूहळू निवळते, घासून जात नाही. आणि गळ्यात घट्ट गोळा हाताला लागला, तो गिळताना वर सरकत असला, एकाच बाजूला असला किंवा वाढत असला, तर थायरॉइड ग्रंथी व लसीकाग्रंथी यांची तपासणी सौंदर्याच्या विचाराआधी व्हायला हवी. न ठरवता, न प्रयत्न करता वजन उतरत असेल तर गळ्याचा विचार बाजूला ठेवून वजन का उतरते आहे, हे शोधावे लागते.

कमावणे आणि जपणे

बडोद्याइतकी व्यायामाची परंपरा फार थोड्या शहरांना लाभली असेल. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर याच शहरातले, आणि द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेला मराठी व्यायाम ज्ञानकोशही याच शहरातला. आखाड्यात मल्लाची मान ही खास मेहनतीने कमावण्याची गोष्ट असते, त्यामुळे मानेचे व्यायाम केले की गळा घट्ट होईल, हा समज येथे सहज पटतो. तो अर्धाच खरा आहे. मल्लाची मान जाड होते ती मागच्या व बाजूच्या जाडजूड स्नायूंमुळे. हनुवटीखाली पुढच्या बाजूला जो प्लॅटिस्मा आहे तो कागदासारखा पातळ असतो, त्याला आवळण्याचे व्यायाम केल्याने कातडी आखडल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि अतिरेक केल्यास त्याच्या कडाच अधिक उठून दिसण्याची शक्यता असते. कमावणे हे क्रियापद मराठी माणूस शरीरासाठीही वापरतो आणि चामड्यासाठीही. पण चामडे कमावले जाते ते जनावर मेल्यानंतर. जिवंत माणसाचा स्नायू कमावता येतो, कातडी मात्र जपावीच लागते.

तरीही व्यायामाला या प्रश्नात मोठे स्थान आहे, ते वेगळ्या कारणाने. झपाट्याने वजन घटते तेव्हा त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग चरबीचा नसून स्नायू व अन्य ऊतींचा असतो. जोर, बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा केला तर हा ऱ्हास कमी होतो, खांदे व मानेची बाजू भरलेली राहते, पाठ ताठ राहते, आणि पुढे झुकलेल्या मानेमुळे दुप्पट दिसणारी हनुवटीखालची घडी कमी भासते. त्याच्या जोडीला प्रथिने लागतात. भारतीय प्रौढासाठी रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, आणि वजन घटवताना आहारतज्ज्ञ बहुधा त्याहून अधिक, एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. बडोद्याच्या आवडत्या शेव-उसळीच्या थाळीत हा हिशेब समोरच मांडलेला असतो: उसळ प्रथिनांच्या बाजूला, शेव चरबीच्या बाजूला. मोड आलेली कडधान्ये, ताक, पनीर, सोयाबीन आणि चालत असल्यास अंडी यांनी ही गरज भागते. कोलॅजेनच्या महाग पुड्या पोटात गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणेच पचतात, आणि सैल गळा त्यांनी आखडल्याचा खात्रीचा पुरावा उपलब्ध नाही.

आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीने वजन उतरवणे, उतरलेले वजन स्थिर ठेवणे, तंबाखूचा प्रत्येक प्रकार सोडणे आणि गळ्याला सनस्क्रीन लावणे, हे उपाय साधे वाटतात, पण पुढच्या कोणत्याही उपचाराचे यश त्यांच्यावर उभे असते. रात्री लावायच्या रेटिनॉइड वर्गातील मलमांनी, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधांनी, कातडीचा पोत काही महिन्यांत सुधारतो; लोंबणारी घडी त्यांनी वर जात नाही, आणि गर्भारपणात ती वर्ज्य असतात. वजन स्थिर झाल्यानंतरही कातडी सहा महिने ते वर्षभर थोडीथोडी आखडत असते, त्यामुळे वजनाचा काटा थांबला त्याच महिन्यात गळ्याविषयी निर्णय घेणे घाईचे ठरते.

यंत्रे, सुया आणि त्यांची मर्यादा

शस्त्रक्रियेविना कातडी घट्ट करण्याचा दावा करणारी यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात. अंतस्त्वचेत साठ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पोहोचवली की कोलॅजेनचे तंतू आखडतात, आणि त्या सूक्ष्म इजेला उत्तर म्हणून पुढच्या तीन ते सहा महिन्यांत नवे कोलॅजेन तयार होते. ही उष्णता रेडिओलहरींनी किंवा एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींनी पोहोचवतात. ध्वनिलहरींच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या औषध नियामकाने भुवईसाठी २००९ मध्ये आणि गळ्यासाठी २०१२ मध्ये मान्यता दिली. थोड्या सैलपणात त्यांचा उपयोग होतो. वीस-तीस किलो उतरल्यावर लोंबणाऱ्या घडीपुढे मात्र ही यंत्रे तोकडी पडतात, आणि सावळ्या कातडीत उष्णतेचे माप चुकले तर महिनोन् महिने न जाणारे काळे डाग पडतात.

हनुवटीखाली डीऑक्सिकोलिक आम्लाची इंजेक्शने देऊन चरबी विरघळवण्याचा उपचार अमेरिकेत २०१५ पासून मान्य आहे. ज्यांच्या चिमटीत गुबगुबीत घडी येते व कातडी घट्ट आहे त्यांना तो उपयोगी पडतो. वजन घटवलेल्या माणसाची उरलीसुरली चरबी त्याने काढली तर कातडी आणखी रिकामी होते. प्लॅटिस्माच्या उभ्या दोऱ्यांसाठी बोटुलिनम विषाची इंजेक्शने देतात. त्यांनी स्नायू सैलावतो, दोऱ्या तीन-चार महिने मऊ पडतात, कातडी मात्र तेवढीच राहते. तिन्ही उपचार आपापल्या थरावर खरे आहेत, आणि चुकीच्या थरावर वापरले की फसवणूक वाटावी इतके निष्फळ ठरतात.

शस्त्रक्रिया

जास्तीची कातडी काढून टाकायची तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. तिचे नेहमीचे रूप असे: हनुवटीखालच्या नैसर्गिक घडीत सुमारे तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, त्यातून प्लॅटिस्माच्या सुटलेल्या दोन कडा शोधून त्या मध्यरेषेवर चोळीच्या पुढच्या कडा एकत्र आणाव्यात तशा टाक्यांनी जोडतात, मग कानाच्या पुढून पाळीखाली वळून कानामागे केसांपर्यंत जाणारा दुसरा छेद घेऊन कातडी खालच्या थरापासून सोडवतात, मागे व वर सरकवतात, आणि उरलेला भाग कापून व्रण कानाच्या वळणात व केसांत लपवतात. पुरुषांमध्ये येथे एक खास अडचण येते: दाढीची कातडी मागे सरकल्यामुळे कानामागेही दाढी करावी लागू शकते. म्हणून काही उतारवयातील पुरुषांमध्ये गळ्याच्या मध्यभागीच जास्तीची कातडी थेट कापतात. तो व्रण सरळ उभा ठेवला तर तो आखडून धनुष्याच्या दोरीसारखा ताठ होतो, त्यामुळे त्याला नागमोडी वळण देतात, आणि तरी तो दिसतोच.

सोडवलेली कातडी जगते ती एका बाजूने येणाऱ्या रक्तावर. हे तत्त्व मराठी मुलुखाला अपरिचित नाही. १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये, नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानावर पुण्याच्या बाजूला झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापून आला, आणि त्यात कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून नाकावर वळवल्याचे पाहून युरोपातील शल्यविशारद चकित झाले. गळ्याच्या शस्त्रक्रियेत हा रक्तपुरवठा सर्वांत तोकडा असतो तो कानामागच्या टोकाला, आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसल्या की नेमके तेच टोक काळे पडून मरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार आठवडे विडी-सिगारेटच नव्हे, तर गुटखा, मावा आणि मशेरीही पूर्ण बंद ठेवावी लागते.

बाकीचे धोकेही आधी माहीत असावेत. पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली रक्त साठणे ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. पुरुषांत व रक्तदाब असणाऱ्यांत ती अधिक आढळते आणि कधी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. कानाच्या पाळीला संवेदना देणारा चेतातंतू दुखावला तर पाळी बधिर राहते. खालचा ओठ हलवणारा दुखावला तर काही काळ हसू वाकडे होते. भारतीय कातडीत व्रण जाड होण्याची व काळवंडण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने, पूर्वी कान टोचल्यावर किंवा खरचटल्यावर गाठाळ व्रण झाला असेल तर ते आवर्जून सांगावे. वजन घटवण्याची इंजेक्शने चालू असतील तर तेही भूलतज्ज्ञांना सांगणे अत्यावश्यक आहे, कारण या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि उपाशी राहूनही भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने, आणि वजन किमान सहा महिने स्थिर राहिल्यानंतरच गळ्याची शस्त्रक्रिया करावी, हा सर्वमान्य संकेत आहे. आधी केली आणि वजन आणखी उतरले तर कातडी पुन्हा सैल पडते.

खर्च आणि निवड

येथे विम्याचा एक विरोधाभास पुढे येतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींनुसार, देहवस्तुमान निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा गंभीर निद्राश्वसनविकार असेल, तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने विम्याखाली येऊ शकते. पण रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची नसेल, किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरली नसेल, तर वगळलेली असते. पोटाच्या घडीत वारंवार पुरळ व जखमा होत असतील तर वैद्यकीय गरज दाखवता येते. गळ्याच्या घडीत असा त्रास क्वचितच होतो, त्यामुळे हा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो, वर सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून वस्तू व सेवा करही लागतो.

म्हणूनच कोणाकडे जावे हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. बडोद्यात १९४९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेल्या सर सयाजीराव रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग आहे, आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात निदान थर ओळखून घेण्यापुरता सल्ला मिळवता येतो. खासगी ठिकाणी जाताना शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी प्लॅस्टिक सर्जरीतील आहे का, भूलतज्ज्ञ हजर असतात का, रात्री रक्त साठले तर कोण येणार, आणि सावळ्या कातडीवरचे वर्षभरानंतरचे व्रण छायाचित्रांत दाखवता येतात का, हे चार प्रश्न विचारावेत. पंधरा दिवसांनंतरच्या छायाचित्रावरून काहीच ठरवता येत नाही, कारण सूज ओसरायला काही महिने लागतात.

वजन घटवण्याचा प्रवास आकड्यांत मोजला जातो आणि गळ्याचा प्रश्न आरशात पाहिला जातो, त्यामुळे दोहोंचा मेळ बसत नाही. रक्तातील साखर, गुडघ्यांवरचा भार आणि झोपेतील श्वास यांचा फायदा सैल कातडीने कमी होत नाही, आणि गळा सैल पडू नये म्हणून वजन घटवणे टाळणाऱ्याचे नुकसान कोणत्याही घडीपेक्षा मोठे असते. वजन स्थिर झाल्यावर वर्षभर थांबून, चिमटीत काय येते ते पुन्हा एकदा तपासून, मग उपाय निवडणाऱ्याला निदान काय मागायचे ते कळलेले असते: जबड्याची हरवलेली कड परत मिळण्याजोगी आहे, आणि गळ्यावरच्या तीन रेषा तर अकोट्याच्या मूर्तिकारानेही ठेवल्या होत्या.